दोन वर्षांचा खापरपणजोबा

माझ्या भावाची बायको इंग्लिश आहे, डर्बीशरकडची, आणि तिच्या बाबांना रिटायर झाल्यावर वंशावळीचं वेड लागलं. तिकडे हे वेड फार कॉमन आहे, आपल्याकडे माणूस रिटायर झाला की सोसायटीचा सेक्रेटरी होतो तसंच. मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे काम माझ्या गळ्यात आलं. त्यांना खापरपणजोबांपर्यंतची माहिती होती, नाव जॉन, शिशाच्या खाणीत कामाला, बाप विल्यम, तोही खाणीतच. मी वंशावळीच्या एका साइटवर नाव टाकलं आणि १८१९ चा बाप्तिस्मा मिळाला, गाव तेच, बाप विल्यम, बापाचा धंदा खाणकाम, आई हॅना, झालं की, अजून काय पाहिजे. मग हॅनाचं माहेर शोधलं, तिचे आईबाप, त्यांचे आईबाप, असं करत तीन महिन्यांत १७०० च्या आसपास जाऊन पोचलो आणि मोठा तक्ता करून पाठवला, तो त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला.

पुढे तिकडे गेलो तेव्हा सहज म्हणून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जुन्या वह्या जपून ठेवतात तिथे, चक्कर मारली. काउंटरवरच्या बाईंनी तक्ता बघितला आणि एकच विचारलं, "दफनाची वही बघितलीत का?" नव्हती बघितली. बघितली तर १८२१ साली नोंद, जॉन, राहणार तेच गाव, वय २.

म्हणजे मी दोन वर्षांच्या पोराला खापरपणजोबा करून टाकलं होतं. खरा जॉन त्याच गावातला, त्याच सुमाराचा, बाप विल्यमच, पण आई मेरी, आणि त्याचा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये नाही तर मेथडिस्ट लोकांच्या, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाच्या, चॅपेलमध्ये झालेला, ती वही मी उघडलीच नव्हती. आता डर्बीशरच्या खाणीच्या गावात विल्यमचा मुलगा जॉन म्हणजे आपल्याकडे पांडुरंगाचा मुलगा विठ्ठल, चार घरं सोडून एक मिळणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कुठलीही जुनी नोंद समोर आली की आधी विचारायचं, ही कुणी लिहिली, कशासाठी लिहिली, आणि घडल्यानंतर किती दिवसांनी लिहिली. कारण आपल्या पणतवंडांना शोधता यावं म्हणून तिकडे एकही वही लिहिलेली नाही. कुणी राजाच्या हुकमावरून लिहिली, कुणी टॅक्ससाठी, कुणी रेशनसाठी. आपण फक्त त्यात डोकावतोय.

सुरुवात १५३८ ची. आठव्या हेन्रीचा कारभारी थॉमस क्रॉमवेल, त्याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, सगळ्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांची नोंद पाद्र्याने दर रविवारी एका वहीत करायची आणि ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे आणि दुसरी वॉर्डनांकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांकडे. लोकांना वाटलं नवा कर येतोय, कुरकुर झाली, आणि बऱ्याच पाद्र्यांनी टाळाटाळ केली किंवा सुट्या कागदावर लिहून ठेवलं. मग १५९८ साली पहिल्या एलिझाबेथच्या काळात परत हुकूम, आता चामड्याच्या टिकाऊ पानांवर लिहा, जुनं सगळं त्यात उतरवून घ्या, निदान राणी गादीवर आली तेव्हापासूनचं तरी, आणि दर वर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवा. राणी गादीवर आली १५५८ ला. आता माणूस आहे तो, "निदान" म्हटल्यावर निदानच करणार, म्हणून असंख्य गावांच्या वह्या १५३८ ऐवजी बरोब्बर १५५८ ला सुरू होतात.

याचा फटका कुणाला बसलाय बघा. शेक्सपियरची बायको ॲन. त्यांच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधल्या तिच्या थडग्यावर लिहिलंय की ऑगस्ट १६२३ मध्ये गेली तेव्हा वय ६७. म्हणजे जन्म १५५५-५६ चा. स्ट्रॅटफर्डची वही सुरू होते १५५८ ला. संपला विषय, तिच्या बाप्तिस्म्याची नोंदच नाही, आणि थडग्यावर वय कोरलं नसतं तर ती नवऱ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठी होती हे आज कुणाला कळलंच नसतं.

आता हेच कुटुंब पुढे घेऊ, कारण जगातल्या सगळ्यात जास्त धुंडाळलेल्या घराण्यांपैकी हे एक आहे आणि वही कशी वाचायची ते इथे छान दिसतं. शेक्सपियरचा वाढदिवस २३ एप्रिल म्हणून साजरा होतो, पण वहीत जन्म नाहीचे, वहीत आहे २६ एप्रिल १५६४ चा बाप्तिस्मा, लॅटिनमध्ये एका ओळीत, जॉन शेक्सपियरचा मुलगा विल्यम, बास. त्या काळी मूल दगावायची इतकी भीती की दोन-चार दिवसांत बाप्तिस्मा उरकायचे, त्यावरून मागे मोजून २३ काढलेला आहे. मेला त्याचंही तसंच, वहीत २५ एप्रिल १६१६ ला दफन आहे, मृत्यूची तारीख वहीत नाही. ती आहे चर्चच्या भिंतीवरच्या स्मारकावर, २३ एप्रिल, वयाच्या ५३ व्या वर्षात. त्रेपन्नावं चालू होतं म्हणजे बावन्न पूर्ण झालेली, म्हणजे जन्म २३ एप्रिलला किंवा त्याच्या आधी. वही आणि दगड दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कुठे एवढं हाती लागलं, एकट्या वहीवर कुणी तारीख ठोकून सांगत असेल तर ऐकायचं आणि सोडून द्यायचं. आणि ही वही तरी मूळची कुठेय, १६०० च्या आसपास जुन्यावरून उतरवलेली नक्कल आहे ती.

लग्नाची गंमत तर अजून मोठी. नोव्हेंबर १५८२, घाईने लग्न करायचं होतं म्हणून वूस्टरच्या बिशपकडून परवाना काढला. बिशपच्या कारकुनाने २७ तारखेला रजिस्टरमध्ये मुलीचं नाव लिहिलं ॲन व्हेटली, टेंपल ग्राफ्टनची. दुसऱ्या दिवशीच्या जामीनपत्रावर तिचं नाव ॲन हॅथवे, स्ट्रॅटफर्डची. यावरून लोकांनी दोन प्रेयस्यांच्या कथा रचल्या. बहुतेक अभ्यासक म्हणतात कारकुनाने त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या व्हेटलीचं काम हातावेगळं केलं असणार आणि तेच नाव पेनातून उतरलं. मला तर हेच पटतं, आपल्या आधार कार्डावर काय काय छापून येतं ते बघितल्यावर कुठल्याही शतकातल्या कारकुनाबद्दल माझा काही गैरसमज राहिलेला नाही. बाकी घाई कशाला होती ते पुढची नोंद सांगते, पहिली मुलगी सुझॅना, बाप्तिस्मा २६ मे १५८३. महिने मोजा.

त्यानंतरची जुळी, हॅम्नेट आणि ज्युडिथ, बाप्तिस्मा २ फेब्रुवारी १५८५. आता वहीत गेलात तर ही नोंद १५८४ मध्ये सापडेल आणि तुम्ही म्हणाल चूक आहे. चूक नाही. इंग्लंडात १७५१ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, जानेवारी-फेब्रुवारी हे जुन्या वर्षाचे शेवटचे महिने. आपल्याला पाडव्याची सवय आहे म्हणून हे पटकन समजतं, गोऱ्या लोकांना समजावताना घाम फुटतो. मग १७५२ ला कॅलेंडर बदललं आणि त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर डायरेक्ट १४ आली. म्हणून जुनी फेब्रुवारीची तारीख लिहिताना दोन्ही वर्षं लिहायची, १५८४/८५ अशी, नाहीतर मूल आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि घरात उगाच भांडणं.

हॅम्नेट अकराव्या वर्षी गेला, ११ ऑगस्ट १५९६ ला दफन, तीच एक ओळ, कशाने गेला काही नाही. पण याच वहीत जुलै १५६४ मध्ये, शेक्सपियर तीन महिन्यांचा असताना, एका शिकाऊ पोराच्या दफनाशेजारी लॅटिनमध्ये लिहिलंय, इथे प्लेग सुरू झाला. त्यापुढे नुसती नावं, नावं, नावं. वर्षअखेरपर्यंत दोनशेच्या वर माणसं. तेवढ्या तीन शब्दांत पाद्र्याने जे सांगितलंय त्यापुढे अख्खा धडा फिका पडतो.

दफनाच्या वहीत असल्या बारक्या खुणा खूप असतात आणि त्या कळल्या तर कोरड्या ओळीतून माणसाची ऐपत कळते. सतराव्या शतकात सरकारने कायदा केला की प्रेत लोकरीच्याच कापडात पुरायचं, कारण काय तर देशी लोकरीचा धंदा वाचवायचाय. कुणीतरी शपथपत्र द्यायचं की हो लोकरच होती, नाहीतर ५ पौंड दंड. म्हणून त्या काळच्या नोंदींशेजारी शपथपत्राची आखूड खूण दिसते, आणि ज्याला लोकर परवडत नव्हती त्याच्यापुढे सरळ लिहिलेलं असतं, उघडा. आणि काही श्रीमंत घरं दंड भरून झोकात लिननच्या तलम कापडात जायची. पुढे १७८३ ला दुसरा कर, वहीतल्या प्रत्येक नोंदीमागे ३ पेनी, गरिबांना माफ, आणि माफी असली की नावापुढे पी, म्हणजे पॉपर, गरीब. हा कर चालू होता त्या दहा-अकरा वर्षांत काही गावांत अचानक सगळेच गरीब झालेले दिसतात! तेव्हा पी दिसला म्हणून पूर्वज भिकारी होते असं लगेच समजू नका, पाद्री दयाळू असेल.

वह्यांचा दर्जा सगळीकडे सारखा नाही. १६४० ते १६६० च्या मध्ये, यादवी युद्धात आणि त्यानंतरच्या धामधुमीत, कित्येक गावांत नुसती पोकळी आहे, तिथे अडकलात तर बिशपकडे गेलेली नक्कल आहे का बघायची. १७५४ पासून लग्नाचा कायदा कडक झाला, चर्चमध्येच लग्न, सूट फक्त क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाला आणि ज्यू लोकांना, आणि वहीत नवरा-नवरी दोघांची सही. सही येत नसेल तर फुली. हॅनाने फुली मारलीय, मेरीने सही केलीय, कापऱ्या हाताने पण पूर्ण नाव, आणि ती सही बघून वहिनीचे बाबा जे गप्प झाले ते चहा गार होईपर्यंत गप्पच. १८१३ पासून छापील रकाने आले, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा, दफनात वय आणि राहण्याची जागा, आणि त्या वयाच्या रकान्यानेच माझं बिंग फोडलं. त्याआधीच्या दफनांत कित्येकदा फक्त नाव असतं, बाप की मुलगा ते तुम्ही ठरवा.

१ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली, तिथून पुढचं सोपं आहे, लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात. नवख्या माणसाने नेहमी इथून, म्हणजे अलीकडून पलीकडे, एकेक पायरी मागे जायचं. शेक्सपियरपासून खाली येत आपल्यापर्यंत पोचायचा प्रयत्न करणारे लोक असतात, त्यांच्याशी वाद घालू नये.

आता जनगणना. तिकडे १८०१ पासून दर दहा वर्षांनी होते, पण देशभर सगळ्यांची नावं लिहिलेली पहिली म्हणजे १८४१ ची. तिच्यात एक खोड आहे, पंधराच्या वरच्या लोकांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणजे ३९ चा माणूस ३५. नातं लिहिलेलं नाही, जन्मगावही नाही, याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जन्मला का, हो किंवा नाही. १८५१ ला ते सुधारलं, कुटुंबप्रमुखाशी नातं, नक्की वय, लग्न झालंय का, जन्म कुठल्या पॅरिशचा. ते जन्मगाव मिळालं की परत चर्चच्या वहीकडे वळता येतं, म्हणून १८५१ ची नोंद म्हणजे मधला पूल समजा. शंभर वर्षं ही माहिती बंद ठेवतात, त्यामुळे १९२१ ची खुली झाली जानेवारी २०२२ मध्ये. १९३१ ची कधीच मिळणार नाही, डिसेंबर १९४२ ला आगीत जळाली, बॉम्बने नाही, साधी आग. १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही. मध्ये आधार एकच, सप्टेंबर १९३९ ची यादी, ओळखपत्र आणि रेशनसाठी केलेली, आणि ती पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली म्हणून लग्न झालेल्या मुलींचं जुनं आडनाव खोडून वर नवीन लिहिलेलं असतं. आपल्याला आयतंच सासर सापडतं.

जनगणना म्हणजे घर कुठे ते नाही, त्या रात्री माणूस झोपला कुठे ते. गडी, पाहुणा, तुरुंगातला कैदी, सगळे जिथे होते तिथे. एमिली डेव्हिसन, बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी, २ एप्रिल १९११ च्या रात्री मुद्दाम पार्लमेंटच्या तळघरातल्या फडताळात लपून बसली, का तर त्या रात्रीचा पत्ता हाउस ऑफ कॉमन्स लागावा. तिथेही नोंद झाली आणि तिच्या भाड्याच्या खोलीवरही, एक बाई दोनदा मोजली गेली. शिवाय १९०१ पर्यंतचं आपण जे बघतो ते घरच्यांनी भरलेले फॉर्म नाहीत, गणना करणाऱ्याने त्यावरून उतरवून घेतलेल्या वह्या आहेत, वर कारकुनांच्या जाड पेन्सिलीच्या रेघा, नेमक्या वयावर. आणि साइटवर दिसतं ते कुणीतरी ती वही बघून टाइप केलेलं. नकलेची नक्कल. म्हणून मूळ पानाचा फोटो बघितल्याशिवाय काहीही मानायचं नाही, आणि दुसऱ्याने साइटवर बनवलेला तयार तक्ता तर उचलूच नका, माझा दोन वर्षांचा खापरपणजोबा आतापर्यंत चार अनोळखी लोकांच्या झाडावर जाऊन बसलाय, मेल करून थकलो.

कबरीबद्दल लोकांची कल्पना फार रम्य असते, शेवाळलेला दगड वगैरे. बहुतेकांना दगड नसतोच, तो परवडणाऱ्यांचा. १८५० नंतर शहरांतली भरलेली चर्चची आवारं बंद करून नगरपालिकेची कब्रस्तानं आली, आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये खड्ड्याचा नंबर असतो, त्या एका नंबरखाली कोण कोण आहे ते विचारायचं, मेव्हणी, सासू, अचानक एक न ऐकलेलं आडनाव. कधी दहा-बारा अनोळखी लोक निघतात, ते गरिबांचे सामायिक खड्डे. आपल्या आनंदीबाई जोशींचंच बघा ना, १८८७ ला पुण्यात गेल्या, राख गेली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या कब्रस्तानात, आणि ती जागा कुणाची तर त्यांना तिकडे सांभाळणाऱ्या कार्पेंटर बाईंच्या घराण्याची. तिथे जोश्यांचा प्लॉट शोधत फिरणाऱ्याला काहीच मिळालं नसतं.

मग आपल्याकडे हे होतं का, असं सगळे विचारतात. जनगणनेतून नाही होत. भारतात १८८१ पासून देशभर एकाच वेळी गणना होतेय, पण बेरजा करून तक्ते छापले की घरोघरच्या नावांचे कागद जपलेच नाहीत, आकडे आहेत, आजोबा नाहीत. गोवा-वसईच्या ख्रिस्ती घरांना चर्चच्या वह्या आहेत आणि त्या इंग्लंडपेक्षा एका बाबतीत उजव्या, कॅथलिक बाप्तिस्म्यात धर्माचे आईबाप लिहितात आणि विसाव्या शतकात तर समासात त्या मुलाचं पुढे लग्न कुठे झालं तेही. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या राज्यातल्या गोऱ्यांच्या नोंदींच्या नकला मुंबईहून लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, जंगल बुक लिहिणाऱ्या किपलिंगचा बाप्तिस्मा आपल्या फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा. बाकी आपल्या लोकांसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळ्या, गावच्या जन्ममृत्यूचा नमुना १४, शाळेचं जनरल रजिस्टर, आणि मोडी वाचणारा एखादा माणूस. नामावळीतही तोच प्रश्न विचारायचा, कुणी लिहिलं. बहुतेकदा यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेलं असतं, त्यामुळे भाऊ सगळे येतात आणि बहिणी गळतात, ज्या भावाशी कोर्टात केस चालू तोही गळतो.

डर्बीशरच्या मंडळींचं काम अजून संपलेलं नाही. १९११ च्या जनगणनेत एक वेगळाच रकाना होता, लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली, त्यातली हयात किती, गेली किती. आणि हे फॉर्म घरच्यांच्याच हातचे जपलेत. वहिनीच्या बाबांच्या पणजोबांनी भरलाय तो, जॉनचाच मुलगा, जाड निबने, झालेली ९, हयात ५, गेलेली ४. घरात कुणालाच ही चार माहीत नव्हती. जनगणनेत ती दिसणार पण नाहीत, दोन गणनांच्या मधल्या दहा वर्षांत आली आणि गेली. जन्माच्या सरकारी इंडेक्समध्ये आता आईचं माहेरचं आडनाव टाकून शोधता येतं, तसं शोधून दोन मुली सापडल्या, दफनाच्या वहीत एक मुलगा, वय ११ दिवस. चौथं मूल अजून मिळालेलं नाही. शेजारच्या गावच्या चॅपेलची वही बघायची राहिलीय, या वेळी आधी तीच मागवलीय.